सगळ्यांना मिळून एक शाउटआउट देता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिडकोतल्या एका ढोलपथकाचा वर्धापनदिन आहे, सभागृह ठरलंय, साधारण तीनशे माणसं येतील. पथकप्रमुखांनी प्रश्नकर्त्याला सांगितलं, "शेवटी माइक घे आणि सगळ्यांना एक शाउटआउट देऊन टाक." त्याने आजवर कधी दिलेला नाही. म्हणून विचारतोय: शाउटआउट म्हणजे आभारच ना? मराठीत काय म्हणू? आणि तेच इन्स्टाग्रामवर टाकलं तर चालेल का?

मी नाशकात २२ वर्षं सूत्रसंचालन करते. सोसायटीच्या गणपतीपासून पाडवा पहाटेपर्यंत आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या सुरक्षा सप्ताहापासून लग्नातल्या संगीतापर्यंत सगळं केलंय. तुमच्या वयाचा मुलगा आहे मला, पण अनोळखी आहात म्हणून तुम्हीच म्हणते.

शब्दाचा अर्थ एका ओळीचा आहे. चारचौघांत, नाव घेऊन, एखाद्याचं झटपट आणि मोकळेपणाने केलेलं कौतुक म्हणजे शाउटआउट. अर्थ कुणीही सांगेल. तुमची खरी अडचण पथकप्रमुखांच्या वाक्यातल्या दोन शब्दांत आहे: "सगळ्यांना एक". सगळ्यांना एकत्र देतात ते आभार. शाउटआउट एकेकाला द्यावा लागतो, आणि मग कुणाला द्यायचा, कुणाला नाही, कोणत्या कामासाठी, हे ठरवणं आलं. म्हणून बहुतेक जण ते टाळतात आणि "सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार" म्हणून मोकळे होतात. ज्ञात हातांना तेवढ्यात कळतं की आपण अज्ञातांत गेलो.

शब्द आला कुठून हे थोडं सांगते, कारण त्यातून वापर कळतो. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमवायचे होते. गाणी वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क, मूळचा जमैकाचा. त्याचा मित्र कोक ला रॉक माइकवरून गाण्याच्या मध्येमध्ये समोरच्या दोस्तांची नावं पुकारत होता. हिप-हॉपचा जन्म त्या पार्टीत झाला असं मानतात. गर्दीतल्या ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारायची, म्हणजे तो खूश आणि बाकीच्यांना कळतं की हा इथला आहे, अशी ती पद्धत. इंग्रजी कोशांत शाउटआउट हे नाम १९९० च्या सुमाराचं धरतात. पुढे रेडिओवाल्यांनी उचललं, मग मोबाइलवाल्यांनी.

आता आपल्याकडे हे नवीन आहे असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. तमाशात, लावणीच्या बैठकीत दौलतजादा होते ती काय असते? समोरच्याने नोट पुढे केली की देणाऱ्याचं नाव भर फडात पुकारायचं, आणि त्याची दौलत जादा होवो म्हणायचं. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव दान घेऊन गुपचूप पुढे जात नाही. "दान पावलं, दान पावलं" म्हणत एकेका देवाचं नाव घेत अख्ख्या आळीला ऐकवतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर निवेदक "अमुक पाटलांकडून पैलवानाला पाचशे एक" म्हणतो तेव्हा पैलवानाइतकाच पाटीलही फुलतो. हरिनाम सप्ताहात पंगत बसायच्या आधी अन्नदात्याचं नाव जाहीर होतं. पुकारायची हौस आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि तिथेच आपलं जुनं पुकारणं आणि आजचा शाउटआउट वेगळे होतात. आपण बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याचं नाव घेतो. ज्याने रात्र जागवली त्याचं घेत नाही. शाउटआउटमध्ये देण्याघेण्याचा हिशेब नसतो, निदान नसायला हवा. तो बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला, किंवा मोठ्याने धाकट्याला द्यायचा असतो. खालून वर दिलेला शाउटआउट विचित्र लागतो. एका सोसायटीच्या गणपतीत एका मुलाने माइकवर उत्साहाने "शाउटआउट टू आपले अण्णा!" केलं. अण्णा सत्तरीचे, तीस वर्षं मंडळाचे खजिनदार. टाळ्या झाल्या, आणि अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्यावर ओरडला का गं तो?"

म्हणून मी मनाशी वजन ठरवून ठेवलंय. ज्यांचं पथकावर ऋण आहे त्यांचा सत्कार: सरावाला जागा देणारे, पहिले दहा ढोल घेऊन देणारे, तुमचे आधीचे पथकप्रमुख. शाल-श्रीफळ, फोटो, नीट बसवून. पाहुणे, सभागृहवाले, पोलीस, वीजमंडळ यांना आभार, एका दमात, पदासह. जे काम नियमाने कुणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं आणि तरी कुणीतरी केलं, त्याला शाउटआउट. तिन्ही एकाच माणसाने, एकाच आवाजात, एकाच कागदावरून वाचले की सगळ्याचा लगदा होतो. तुमच्या कार्यक्रमात सत्कार आणि आभार दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही फक्त शाउटआउट घ्या.

मराठीत काय म्हणावं, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे परिस्थिती बघावी लागते. वादक सगळे विशी-पंचविशीतले असतील तर शाउटआउट म्हणा, बिघडत काही नाही. समोर त्यांचे आईवडील, आजी-आजोबा असतील तर मी "आवर्जून उल्लेख" म्हणते. "आज एका माणसाचा आवर्जून उल्लेख करायचाय" एवढं म्हटलं की सभागृह शांत होतं, कारण प्रत्येकाला वाटतं आपलंच नाव येणार. जाहीर कौतुक, शाबासकी हेही चालतं. पण शाबासकीत मास्तर डोकावतो. ऋणनिर्देश पुस्तकाच्या पहिल्या पानावर शोभतो, माइकवर जड होतो. आणि "नाव घेणं" जरा जपून. एका नवख्या निवेदिकेने "आता वहिनी सरांचं नाव घेतील" असं जाहीर केलं. तिला म्हणायचं होतं की वहिनी सरांच्या कामाचा उल्लेख करतील. पण वहिनी उठल्या, माइक धरला आणि उखाणा घेतला. चांगला होता उखाणा, पण सरांचं काम राहूनच गेलं.

व्याकरणाचं एवढंच की शाउटआउट देतात. करत नाहीत, मारत तर नाहीतच. कुणी "दिला" म्हणतं, कुणी "दिलं". मी दिला म्हणते. इंग्रजीतला "टू" जसाच्या तसा लावण्यापेक्षा "ताशाप्रमुखाला एक शाउटआउट" हे मराठी कानाला बरं लागतं. आणि शेजारच्या शब्दांशी गल्लत करू नका. कॉलआउट म्हणजे चारचौघांत नाव घेऊन चूक दाखवणं, अगदी उलट. "गिव्ह मी अ शाउट" म्हणजे नुसतं मला कळव. आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कुणी "माय शाउट" म्हणालं तर तो तुमचं कौतुक करत नाहीये, या फेरीचे पैसे देतोय.

आता मी प्रत्यक्षात कसं करते ते.

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी मी प्रमुखांना नाही, तर खालच्या माणसांना विचारते: "या वर्षी कोण नसता तर तुमचं अडलं असतं?" प्रमुखांची उत्तरं पदाधिकाऱ्यांच्या यादीसारखी असतात. ढोल वाहणाऱ्या, टेम्पो भरणाऱ्या, पाणी वाटणाऱ्या पोरांना विचारलं की तीच दोन-तीन नावं पुन्हापुन्हा येतात. ती माझी यादी. तीनशे माणसांच्या कार्यक्रमात मी पाच नावांच्या पुढे जात नाही. सहाव्या नावाला लोक मोबाइल काढतात, दहाव्याला ज्यांची नावं आली नाहीत ते मोजायला लागतात.

प्रत्येक नावाला एक काम, आणि ते काम डोळ्यांपुढे दिसेल असं. "यांनी खूप मेहनत घेतली" हे वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वीच सोडलं. मेहनत सगळेच घेतात. त्याऐवजी असं बघा:

"विसर्जन मिरवणुकीत आपल्या एका ढोलाचं पान फुटलं. रांग थांबली नाही, कारण मागून एक जण खांद्यावर दुसरा ढोल घेऊन पळत आला. तो स्वतः त्या दिवशी वाजवतही नव्हता. हाताला टाके होते. तिसऱ्या रांगेत बसलाय, उभा राहा रे जरा."

आणि नाव सगळ्यात शेवटी. आधी नाव घेतलं तर लोक टाळ्या वाजवतात आणि काम ऐकायचं राहतं. आधी काम सांगितलं तर ज्यांना माहीत आहे ते हसायला लागतात, शेजारच्याला कोपर मारतात, आणि नाव येईपर्यंत अर्ध्या सभागृहाने त्याला शोधलेलं असतं. या दहा सेकंदांसाठी सगळा खटाटोप. नाव झाल्यावर थांबायचं. टाळ्या संपू द्यायच्या. नवे लोक इथेच घाई करतात आणि पुढच्या नावावर उडी मारतात.

नाव बरोबर उच्चारा. हसू नका, मी आडनाव चुकवून घेतलेल्या शिव्या अजून विसरले नाही. टोपणनावाने सगळे ओळखत असतील तर टोपणनाव घ्या, पण आधी विचारून. पथकात "बारक्या" असणारा मुलगा सासूबाईंसमोर बारक्या नसतो.

विचारून, हे माझ्याच एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थी मेळाव्यात मी मंचाच्या फुलांच्या सजावटीबद्दल सांगत होते. एका मुलीने आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून झेंडूच्या माळा ओवल्या होत्या, बोटं पिवळी झाली होती तिची. मी ते सगळं रंगवून सांगितलं, दोन वाजल्याचं, पिवळ्या बोटांचं. तिला उभं केलं. टाळ्या झाल्या. चौथ्या रांगेत तिचे वडील बसले होते, ते मात्र टाळ्या वाजवत नव्हते. घरी तिने मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगितलं होतं. कार्यक्रमानंतर ती मला भेटली. चिडली नाही, नुसतं म्हणाली, "ताई, आधी विचारायचं ना." ते वाक्य मला अजून लागतं. तेव्हापासून मी ज्याचा उल्लेख करणार त्याला आधी दोन प्रश्न विचारते: नाव घेतलं तर चालेल का, आणि काय सांगितलेलं आवडेल? पहिल्याला चार-पाचात एक तरी नको म्हणतो, आणि ते नको मी नको म्हणूनच घेते, लाजून म्हणतोय असं समजत नाही. दुसऱ्याचं उत्तर बहुतेकदा माझ्या मजकुरापेक्षा सरस असतं. "माझं नका सांगू, माझी आई रोज रात्री साडेअकराला गरम जेवण देत होती ते सांगा," असं एकाने सांगितलं होतं. आई सभागृहात होती. त्या दिवशी मला काही वेगळं करावंच लागलं नाही.

जोडकामाचं मात्र बघा. दोघांनी मिळून केलेल्या कामात एकाचंच नाव घेतलं तर तुम्ही कौतुक केलं नाहीत, भांडण लावलंत. जोडीचं नाव जोडीनेच घ्यायचं, आणि आठवत नसेल तर दोन्ही सोडायची.

आता चिठ्ठी. ही येणारच. तुम्ही माइकवर असताना विंगेतून कुणीतरी वाकून येईल आणि हातात कागद देईल. निमंत्रणपत्रिकेचा फाडलेला कोपरा, बॉलपेनने तीन नावं, त्यातल्या एकाखाली दोनदा रेघ. ज्याच्या नावाखाली रेघ तो पहिल्या रांगेत बसून तुमच्याकडेच बघत असतो. शाउटआउटच्या मध्ये ती नावं घुसवलीत तर आधीच्या पाच जणांचंही मोल गेलं, कारण सगळ्यांनी चिठ्ठी येताना पाहिलेली असते. मी चिठ्ठी घेते, मान डोलावते आणि आभाराच्या माणसाकडे सरकवते. त्याच्या यादीत तीन नावं वाढली म्हणून काही बिघडत नाही.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात. सभागृहात बोललेलं हवेत जातं, तिथलं राहतं आणि स्क्रीनशॉट होऊन फिरतं. त्यामुळे तोच मजकूर जसाच्या तसा टाकू नका. हाताचे टाके, घरची अडचण, रात्रीची वेळ असले तपशील काढून टाका. एका पोस्टमध्ये वीस जणांना टॅग करण्यापेक्षा एकेकाची वेगळी स्टोरी बरी, ती त्याला स्वतःच्या पानावर पुढे लावता येते. अठराच्या आतली मुलं असतील तर फोटोआधी पालकांना विचारा.

आणि एक गोष्ट बरीच पथकं विसरतात. एखाद्या दुकानदाराने टी-शर्ट फुकट दिले असतील, ढोलांवर सूट दिली असेल आणि बदल्यात तुम्ही "अमुक दुकानाला मोठा शाउटआउट" टाकलात, तर ती जाहिरात झाली. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी हेच सांगितलंय: पैसे, वस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर ते स्पष्ट लिहा. "प्रायोजित" किंवा "जाहिरात" असा शब्द टाका, तोही सहज दिसेल असा, हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. दौलतजादेत निदान नोट सगळ्यांना दिसत तरी होती.

तर तुमच्यासाठी एवढं: "सगळ्यांना एक" हे पथकप्रमुखांना नम्रपणे नाही म्हणा. सत्कार आणि आभार वेगळे काढा. पोरांना विचारून चार-पाच नावं काढा, त्या प्रत्येकाला आधी भेटा, काम आधी आणि नाव शेवटी असं दोन-तीन वाक्यांत लिहून काढा. मोठ्याने वाचून बघा, एकेकाला वीस-पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर कापा. पथकप्रमुखांचं नाव या यादीत नको. ते नाराज होतील असं वाटत असेल तर एक शाउटआउट त्यांच्याच हातून देववा, सगळ्यात धाकट्या वादकाला.

आणि हे शेवटी ठेवू नका. शेवटी लोक चपला शोधत असतात, जेवणाचा वास आलेला असतो. वादन संपलं, पोरं घामाघूम होऊन मंचावरच उभी आहेत, अजून कुणी टिपरूही खाली ठेवलेलं नाही, तेव्हा माइक हातात घ्या.